बाजाराची हद्द

पुण्याला स्वतःचा शेअर बाजार होता, याची आता पुणेकरांनाही आठवण करून द्यावी लागते. 1982 मध्ये स्थापन झालेला हा बाजार सदाशिव पेठेत होता. दलाल स्ट्रीट काही तासांवर असताना पुण्याला वेगळा बाजार कशाला? याचे उत्तर सरकारी दंडकात होते. कंपनीची नोंदणीकृत कचेरी ज्या भागात, त्या भागातल्या बाजारात तिने शेअर नोंदवलेच पाहिजेत. म्हणून आकुर्डीच्या बजाज ऑटोची नोंदणी मुंबईबरोबर पुण्यातही असे. सौदे होवोत वा न होवोत, नोंदणीचे वार्षिक शुल्क बाजाराच्या तिजोरीत पडे.

अहमदाबाद (1894) आणि कलकत्ता (1908) हे जुने बाजार. पाटणा, गुवाहाटी, भुवनेश्वर आणि मंगळूरचे बाजार ऐंशीच्या दशकातले. एके काळी देशात वीसहून अधिक शेअर बाजार होते आणि प्रत्येकाला आपापली हद्द आखून मिळालेली होती.

मुंबईला अशा कुंपणाची गरज नव्हती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी बॅकबे भरावाच्या शेअरवर शहराला वेड लावले आणि 1865 मध्ये सगळे कोसळले. त्या पडझडीतून उरलेल्या दलालांनी 1875 मध्ये संघटना बांधली, तोच मुंबई शेअर बाजार. सभासद 318, प्रवेश फी एक रुपया. पुढे ताकद आली ती गर्दीची. विकणारे जिथे जास्त तिथेच घेणारे येतात आणि घेणारे आले की भाव नीट ठरतो. हे चक्र एकदा फिरू लागले की शेजारच्या लहान बाजाराला नियमाच्या टेकूवरच जगावे लागते.

टेकू डळमळला तो छपरावरच्या तबकडीने. नोव्हेंबर 1994 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरचे व्यवहार सुरू केले, तेही उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर. गोंगाट करणारी रिंग नाही, खरेदी-विक्रीचे भाव सांगणारा जॉबर नाही. ज्याचा भाव चांगला त्याचा सौदा आधी. वर्षभरात या नवख्या बाजाराची उलाढाल मुंबईच्या जुन्या बाजाराला मागे टाकून गेली. जुन्या बाजाराने मार्च 1995 मध्ये संगणक आणले खरे, पण मुंबईबाहेर जाळे पसरायला त्याला 1997 उजाडले.

तरीही एक मजेदार हद्द शिल्लक होती, ती दिवसांची. मुंबई शेअर बाजाराचा हिशेबाचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, नॅशनलचा बुधवार ते मंगळवार. शुक्रवारी इथला हिशेब चुकता करण्याऐवजी सटोडिये इथे सौदा उलटा करून तोच तिथे उभा करत, मंगळवार आला की पुन्हा इकडे. शेअरची डिलिव्हरी घ्यायला नको की पूर्ण पैसे मोजायला नकोत. फरक तेवढा चुकवायचा. बदल्याचा खेळ त्याहून जुना. व्याज देऊन सौदा पुढच्या हिशेबाच्या आठवड्यात ढकलायचा. मार्च 2001 मध्ये कलकत्त्याच्या बाजारात दलालांनी देणी थकवली, तेव्हा या उधारीची खोली सगळ्यांना दिसली. त्याच जुलैत बदला बंद झाला आणि प्रमुख शेअरना रोजच्या रोज हिशेबाची पद्धत लागू झाली. आता तर सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅट खात्यात येतात.

2003 मध्ये स्थानिक नोंदणीची सक्ती उठली आणि शुल्काचा झरा आटला. 2012 मध्ये बाजारांची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीने हजार कोटींहून कमी वार्षिक उलाढालीच्या बाजारांना बाहेर पडायची वाट आखून दिली. पुण्याने ती 2015 मध्ये धरली. इकडे मुंबई शेअर बाजार स्वतःच नोंदणीकृत कंपनी झाला. फेब्रुवारी 2017 मध्ये 806 रुपयांना विकलेले त्याचे शेअर नोंदवले गेले ते नॅशनलवर, कारण कोणत्याही बाजाराला स्वतःच्याच फळ्यावर नाव लावता येत नाही. सेबीचा हा नियम शहाणपणाचाच. परीक्षा देणाऱ्याने आपलाच पेपर कसा तपासावा?

खरी अडचण झाली ती बंद पडलेल्या बाजारांतच नोंदवलेल्या कंपन्यांच्या भागधारकांची. असे शेअर मोठ्या बाजारांच्या 'डिसेमिनेशन बोर्ड'वर गेले. तिथे आपला भाव लावता येई, पण गिऱ्हाईक मिळेलच याची हमी नव्हती. सेबीने कंपन्यांना दोन पर्याय दिले: देशव्यापी बाजारात नोंदणी घ्या, नाहीतर भागधारकांचे शेअर योग्य भावाने विकत घेऊन त्यांना मोकळे करा. दोन्ही टाळणाऱ्या प्रवर्तकांना भांडवल बाजाराचे दार बंद करण्याची तरतूदही झाली.