गाऊटची गोळी आणि मांड्यांतला अशक्तपणा

पावसाळ्यात सेमाडोहच्या जंगलात झुडपांवर चढलेली कळलावी फुलते. ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांमुळे तिला अग्निशिखाही म्हणतात. या विषारी वेलीत कोल्चिसिन असते. गाऊटमध्ये, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक साचून सांधा सुजतो तेव्हा, डॉक्टर जी गोळी देतात तिच्यातही हेच रसायन मोजक्या मात्रेत असते.

आपल्या पेशींच्या आत सूक्ष्म नलिकांचे जाळे असते. कोल्चिसिन त्या नलिका जुळू देत नाही. त्यामुळे सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि ठणका उतरतो. पण स्नायूंनाही याच नलिका लागतात. औषध शरीरात साचले, की स्नायूंच्या पेशींतली ने-आण अडते आणि त्या दुखावतात.

हे औषध यकृत आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना नेहमीचा डोसही जड जाऊ शकतो. 1987 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले. अनेकांचे निदान सुरुवातीला चुकले होते. औषध थांबवल्यावर मात्र तीन-चार आठवड्यांत त्यांचा अशक्तपणा ओसरला. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा सायक्लोस्पोरिन सोबत घेतल्यास कोल्चिसिनचे रक्तातले प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांसोबतही स्नायूंचा धोका वाढतो.

लक्षणे हळूहळू येतात. उकिडवे बसल्यावर उठवत नाही, जिना चढवत नाही, हात डोक्यावर नेणे जड जाते. ‘वय झाले’ किंवा ‘वातच आहे’ म्हणून घरचे सोडून देतात. गाऊट सांध्यात दुखतो. मांड्या आणि खांदे दोन्ही बाजूंनी दुबळे होत असतील, तर गोळीचा संशय घ्यावा. रक्तातील सीके आणि क्रिएटिनिन या दोन तपासण्यांतून बरेच कळते. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या पुन्हा घेऊ नयेत. ठणका थांबत नाही म्हणून डोस स्वतः वाढवू नये. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. आणि कळलावीचा कंद घरगुती औषध म्हणून कधीही पोटात घेऊ नये. गोळीतली मात्रा मोजलेली असते, कंदातली नसते. त्याने जीवही जाऊ शकतो.