स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांसाठी निवासगृह निवडताना

वार्धक्यातील साधा विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यांत फरक आहे. स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या विकारांमुळे उद्भवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती त्याने ग्रस्त आहेत. घरी शुश्रूषा अशक्य झाल्यास निवासगृहाचा विचार करावा लागतो. रुग्णाला आपली गैरसोय सांगता येईलच असे नाही; म्हणून ती पारखण्याची जबाबदारी नातेवाइकांवर येते.

केवळ इमारत व बगीचा पाहून निर्णय घेऊ नये. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. यास्तव एक भेट त्या वेळी, शक्य तर पूर्वसूचना न देता, अवश्य द्यावी. रात्रपाळीस किती रुग्णांमागे किती परिचारक असतात? तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणाऱ्या वृद्धाला शांतपणे उत्तर मिळते की दटावणी? ज्यांना स्वतः जेवता येत नाही त्यांना धीराने भरवले जाते काय? रुग्णास बांधून ठेवणे किंवा निव्वळ गप्प बसविण्यासाठी गुंगीची औषधे देणे, असा तेथे प्रघात तर नाही ना? न्हाणीघर, जिने व फाटक सुरक्षित आहेत काय? डॉक्टर किती दिवसांनी येतात? खर्चाचा करार लेखीच असावा.

ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगावी द्यावी. प्रवेश मिळाला म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र कोणी मानू नये. नातलगांचे नियमित येणेजाणे हेच त्या वृद्धाचे खरे संरक्षण होय.