युनिक्सची कमांड लाइन

कमांड लाइन म्हणजे संगणकाला लिहून काम सांगण्याची जागा. युनिक्सच्या धर्तीवरच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर टर्मिनल उघडले की एक ओळ दिसते, तिच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते आणि त्यापुढे कर्सर. तिथे कमांड टाइप करून एंटर दाबले की शेल नावाचा प्रोग्रॅम ती ओळ वाचतो, हवा तो प्रोग्रॅम शोधून चालवतो आणि काम संपले की पुन्हा डॉलर दाखवून पुढच्या कमांडची वाट पाहतो. नवख्याला इथे दोन गोष्टी खटकतात. कमांडची नावे अर्धवट वाटतात आणि काम झाले की नाही हे कळत नाही. दोन्हींची कारणे जुनी आहेत.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 या यंत्रावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली. त्या काळी टर्मिनल म्हणून टेलिटाइप मॉडेल 33 सारखी यंत्रे वापरली जात. त्यांना पडदा नव्हता. उत्तर कागदाच्या रिळावर छापले जाई, तेही सेकंदाला 10 अक्षरांच्या वेगाने, आणि कळा चांगल्या जोर लावून दाबाव्या लागत. म्हणून ‘लिस्ट’चे एलएस झाले, ‘कॉपी’चे सीपी, ‘मूव्ह’चे एमव्ही. ‘काम झाले’ असा निरोप छापण्यात वेळ आणि कागद दोन्ही जात, त्यामुळे सीपी किंवा एमव्हीचे काम बिनबोभाट पार पडते. तक्रार असेल तरच कमांड बोलते. ही सवय एकदा अंगवळणी पडली की कमांड लाइनची निम्मी भीती जाते.

शिकायला सुरुवात पीडब्ल्यूडीपासून करावी. आपण आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे ती सांगते, आणि पुढची जवळजवळ प्रत्येक कमांड याच जागेवरून चालते. एलएस त्या फोल्डरमधला ऐवज दाखवते. सीडीपुढे नाव दिले की त्या फोल्डरमध्ये जाता येते, दोन टिंबे दिली की एक पायरी वर, आणि नुसते सीडी लिहिले की थेट आपल्या घरच्या फोल्डरमध्ये. नवा फोल्डर एमकेडीआयआरने होतो. टॅबची कळ अर्धे लिहिलेले नाव पुरे करते, वरचा बाण मागची कमांड परत आणतो, आणि बहुतेक अडकलेले काम कंट्रोल-सीने थांबते. टॅबचा वापर पहिल्या दिवसापासूनच करावा. टायपिंगच्या चुका त्यानेच सर्वांत कमी होतात.

आरएम फाइल पुसते, आणि इथे मात्र सावध राहायला हवे. तिला कचरापेटी नाही, पुसलेले सहसा परत येत नाही. तारकाचिन्ह म्हणजे ‘काहीही’. आरएमनंतर तारका आणि तिला जोडून ‘.टीएक्सटी’ लिहिले, तर त्या शेवटाच्याच फाइल जातात. तारकेनंतर चुकून एक जागा सुटली, तर शेलच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात, आणि एकट्या तारकेत फोल्डरमधल्या झाडून सगळ्या साध्या फाइल येतात. तारकेच्या जागी प्रत्यक्ष नावे शेल भरतो, आरएमच्या हाती तयार यादी पडते. त्यामुळे ती सहसा काही विचारत नाही. तोच नमुना आधी एलएसला देऊन काय काय निवडले जाते ते पाहावे, मगच पुसावे. आरएमला ‘उणे आय’ जोडले तर ती प्रत्येक फाइलपाशी परवानगी मागते.

कमांड लाइनची खरी ताकद कमांड एकमेकींना जोडण्यात आहे. बेल लॅब्जमधल्या डग मॅकइलरॉय यांनी 1964 मध्येच प्रोग्रॅम बागेतल्या नळ्यांसारखे जोडता यावेत असे लिहून ठेवले होते. 1973 मध्ये थॉम्पसन यांनी ती सोय युनिक्समध्ये आणली. एका उभ्या रेघेने डावीकडच्या कमांडचे उत्तर उजवीकडच्या कमांडला मिळते. समजा, एका फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे गावांची नावे आहेत आणि कोणते गाव किती वेळा आले ते हवे आहे. सॉर्टने ओळी क्रमाने लावायच्या, मधे उभी रेघ, पुढे युनिक आणि ‘उणे सी’. सॉर्ट आधी लागते, कारण युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखते. कमांड अबोल का असावी याचे दुसरे कारण इथे दिसते. सॉर्टने मधेच ‘झाले’ म्हटले असते, तर युनिकने तेही गाव म्हणून मोजले असते.

अडले तर मॅन ही कमांड आहे. मॅन एलएस लिहिले की त्या कमांडचे माहितीपत्रक उघडते, क्यू दाबले की बंद होते. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका नोव्हेंबर 1971 ची, आणि तिची नाव, वापर, वर्णन अशी मांडणी आजही कायम आहे.

शेल मात्र बदलत गेला: बॉर्न शेल 1979 मध्ये आला, बॅश 1989 मध्ये, आणि 2019 पासून मॅकवर झेडशेल मूळचा म्हणून येतो. शेल बदलला तरी वर सांगितलेल्या कमांड तशाच चालतात. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम महासंगणकांवर काम करणारे संशोधकही दुरून याच कमांड लाइनवर लॉगिन करतात आणि आपली गणिते तिथूनच चालवायला देतात.