मुळांनाही वारा हवा

दिमोना येथे बिऱ्हाड केले त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका स्नेह्यांनी आम्हांस कढीलिंबाचे रोप दिले. कोकणात परसात आपोआप वाढणारे हे झाड येथे गॅलरीत लावावयाचे, म्हणून आम्ही प्लास्टिकची सुबक कुंडी आणली व रोज न चुकता पाणी घातले. महिनाभरात पाने पिवळी पडून गळाली. आम्ही पाणी आणखी वाढविले. शेवटी रोप उपटून पाहिले, तो मुळे काळी, मऊ व कुबट! ते तहानेने नव्हे, गुदमरून मेले होते.

मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळे कुजतात. झिलई नसलेली भाजक्या मातीची कुंडी सच्छिद्र असते. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते, वारा आत शिरतो व माती थंड राहते. आपल्या पाण्याच्या माठाचे तत्त्व तेच. जाड कापडाच्या पिशवीतही रोप चांगले वाढते. कडेला आलेल्या मुळाचे टोक तेथे वाऱ्याने सुकते व मागून नवी मुळे फुटतात. प्लास्टिकमध्ये तेच मूळ कडेने गोल गोल फिरत राहते.

मात्र अशी कुंडी नेगेवच्या कोरड्या उन्हाळ्यात लवकर सुकते. म्हणून पेरभर बोट मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागल्यास तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे व बशीत साचलेले ओतून टाकावे. नवी कुंडी आधी पाण्यात भिजवावी, नाहीतर तीच मातीतील ओल शोषून घेते. बाहेर दिसणारा पांढरा थर येथील जड पाण्यातील क्षारांचा. तो घासून काढावा. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून दोन बोटेच मोठी असावी.

तळास भोक मात्र हवेच. मिश्नाच्या शब्बाथ प्रकरणातही भोकाची कुंडी व बिनभोकाची कुंडी यांत भेद केला आहे: पहिलीतील रोप जमिनीशी जोडलेले मानले जाते, दुसरीतील नाही.

पुढे आम्ही दुसरे रोप मातीच्या कुंडीत लावले. हिवाळ्यात ते घरात, खिडकीपाशी ठेवतो व पाणी कमी करतो. आज आमच्या फोडणीस त्याची पाने पुरतात. पहिले रोप आम्ही मायेनेच मारले. दुसऱ्यास थोडे मोकळे सोडले, म्हणून ते जगले.