अंदाजाची वही

गुढीपाडव्याला पंचांगातले संवत्सरफल वाचण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पाऊस किती, धान्य किती, काय महाग आणि काय स्वस्त, हे सारे त्यात सांगितलेले असते. मात्र फाल्गुन सरल्यावर तेच फल पुन्हा उघडून ताडून पाहण्याची रीत कुठे नाही. धंद्याच्या नियोजनासाठी केलेला अंदाज इथेच भाकितापासून वेगळा होतो. तो ताडून पाहण्यासाठीच केलेला असतो. संख्याशास्त्र मी पुस्तकांवरून, गुरूविना शिकलो. हा विषय ज्या क्रमाने उलगडत गेला, त्याच क्रमाने इथे मांडतो.

पहिली पायरी मोजमापाची. इंग्रजी अमदानीपासून पिकाचा अंदाज आणेवारीने होई. सोळा आणे म्हणजे पुरेपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. पुढे आण्यांचे पैसे झाले, पण मुळात ती नजरेची पाहणी होती, आणि नजरेवर सवयीचा, भीतीचा व हिताचा रंग चढतोच. हा रंग धुऊन काढण्याच्या कामात सातारा जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि चाळीसच्या दशकात त्यांनी देशात पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, तोलायचे. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. दुकानाच्या खतावणीलाही हे लागू आहे. माल संपला म्हणून परत गेलेले गिऱ्हाईक खतावणीत नसते; तेव्हा ‘विक्री’ म्हणजे ‘मागणी’ नव्हे.

दुसरी पायरी रीतीची. सर्वांत सोपी रीत म्हणजे गेल्या खेपेचा आकडा तसाच पुढे धरणे. तिच्यात थोडी सुधारणा रॉबर्ट ब्राऊन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करताना शोधली. साताऱ्याच्या एखाद्या कंदी पेढ्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा, या आठवड्याचा अंदाज १०० किलो होता आणि मागणी १२० निघाली. चूक २० किलोंची. ही चूक पूर्ण खरी मानायची नाही आणि पूर्ण सोडूनही द्यायची नाही. तिचा तीन दशांश भाग, म्हणजे ६ किलो, जुन्या अंदाजात मिळवायचा. पुढच्या आठवड्याचा अंदाज १०६. पेन आणि वही पुरते. स्पायरोस माक्रिडाकिस यांनी १९८२ मध्ये १००१ आकडेमालिकांवर अनेक रीतींची परीक्षा घेतली, तेव्हा अशा साध्या रीती कित्येकदा अवघड रीतींच्या तोडीस तोड ठरल्या.

तिसरी पायरी हंगामाची. इथे परक्या पुस्तकातली रीत जशीच्या तशी चालत नाही. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १२ नोव्हेंबरला गेले. दोन ऑक्टोबरांची विक्री शेजारी ठेवून धंदा बसला म्हणणारा दुकानदार पंचांग विसरलेला असतो. तुलना तिथीशी तिथीची हवी.

चौथी पायरी सर्वांत महाग पडते. हळद नऊ महिन्यांचे पीक. मे-जूनमध्ये लावायची, जानेवारीपासून काढायची, शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या सौद्यात आणायची. २०१० च्या अखेरीस वायदेबाजारात हळद क्विंटलला १६ हजार रुपयांच्या आसपास होती. तो भाव पाहून जागोजाग लागवड वाढली, आणि २०१२ च्या सुरुवातीला भाव ४ हजारांच्या घरात आला. प्रत्येकाने आजच्या भावावरून उद्याचा भाव धरला, आणि सर्वांनी तसेच धरल्यामुळे तो खोटा ठरला. या फेऱ्याला निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली. पेढ्याला चालणारी रीत इथे बुडवते. इथे जुना भाव बाजूला ठेवून वेगळे प्रश्न विचारावे लागतात. यंदा बेणे किती विकले गेले, निजामाबाद, इरोड आणि हिंगोलीकडे लागवड किती झाली, जुना साठा किती शिल्लक आहे? हा साठा एकेकाळी हरिपूरच्या पेवांत असे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. असा पूर कोणत्याही आकडेमालिकेतून डोकावत नाही. त्याच्यासाठी अंदाज नव्हे, गाठीला राखीव लागते.

म्हणून अंदाज एका आकड्यात लिहू नये. समजा, पेढ्यांच्या दुकानात मागच्या वीस आठवड्यांपैकी सोळा वेळा चूक १५ किलोंच्या आत राहिली. मग पुढचा अंदाज ‘९१ ते १२१ किलो, पाचांत चारदा’ असा लिहावा. खवा किती घ्यायचा हे त्यानंतर ठरते. उरलेला पेढा फेकण्याचा तोटा मोठा असेल तर खालच्या टोकाकडे झुकावे, गिऱ्हाईक तुटण्याचा मोठा असेल तर वरच्या. हा निर्णय आकडा घेत नाही, मालक घेतो. आकडा त्याला आपली चूक किती असू शकते एवढेच सांगतो.

बलिप्रतिपदेला नव्या वह्यांची पूजा करून व्यापारी वर्ष सुरू करतो. जमा आणि नावे या दोन रकान्यांशेजारी आणखी तीन आखायला हरकत नाही: अंदाज, प्रत्यक्ष आणि चूक. पहिल्या वर्षी तिसरा रकाना वाचवणार नाही. तीन-चार दिवाळ्यांनंतर मात्र दुकानातली सर्वांत कामाची नोंद तीच असेल.