'एट माइल' : एका रस्त्याची आणि एका रॅपरची गोष्ट

रॅप म्हटले की आपल्यापैकी बरेच वडीलधारे नाक मुरडतात. गाणे नाही, चाल नाही, नुसती बडबड, असा एकंदर सूर असतो. मुले मात्र मोबाईलवर तेच ऐकतात. २०१९ साली 'गली बॉय' आला तेव्हा धारावीतल्या पोरांची ही कला थोडीफार घराघरांत पोहोचली. त्याच्या कितीतरी आधी, २००२ साली अमेरिकेत 'एट माइल' नावाचा चित्रपट आला होता. कर्टिस हॅन्सन हे त्याचे दिग्दर्शक, पटकथा स्कॉट सिल्व्हर यांची, आणि नायकाच्या भूमिकेत प्रत्यक्ष रॅपर एमिनेम. हा चित्रपट नीट समजायचा असेल तर आधी त्याच्या नावातला रस्ता समजून घ्यावा लागतो.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९१४ साली फोर्डने दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली आणि कामाच्या ओढीने माणसे तिकडे धावली. त्यांत दक्षिणेकडच्या राज्यांतून जाच सोसून निघालेले कृष्णवर्णीय कामगारही हजारोंनी होते. काम मिळाले, पण राहायला जागा कुठे? ठरावीक वस्त्यांतच. एट माइल रोड ही शहराची उत्तरेकडची हद्द. कृष्णवर्णीय कुटुंबे या रस्त्याच्या जवळपास राहत होती. शेजारी गोऱ्यांसाठी घरे बांधू पाहणाऱ्या बिल्डरला सरकारी गृहकर्ज-हमी मिळेना. कारण एकच, लगतची वस्ती. तेव्हा १९४१ साली त्याने मधोमध सुमारे अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच भिंत उभी केली, आणि हमी मिळाली! ही भिंत कुणा माथेफिरूने रागाच्या भरात बांधलेली नव्हती, सरकारी कचेरीतल्या नियमाने ती बांधायला लावली होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. गावकुसाचा अर्थ ज्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. भिंत आजही उभी आहे. २००६ साली त्या भागातल्या लोकांनी तिच्यावर चित्रे रंगवली.

१९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरला. पण १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली होती, आणि गोरी कुटुंबे आधीपासूनच एट माइलच्या पलीकडे चालली होती, त्या ओघाला वेग आला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, शहरातल्या शाळांतील विषमता दूर करण्यासाठी हद्दीबाहेरच्या उपनगरांतील शाळांना त्या योजनेत ओढता येणार नाही. म्हणजे रस्ता ओलांडला की शाळाही निराळी. कारखाने बंद पडत गेले. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्ती असलेल्या या शहरात २०००च्या जनगणनेत साडेनऊ लाख माणसे उरली.

चित्रपटाचा काळ १९९५ चा आहे. नायक जिमी स्मिथ, मित्रमंडळींत 'रॅबिट'. पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात कामाला. प्रेयसीशी बिनसल्याने आईच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गरिबांच्या त्या फिरत्या घरात, परत आलेला. आई बिंगोच्या नादी लागलेली, तिचा मित्र जिमीच्याच शाळेतला, घर खाली करण्याची नोटीस आलेली, आणि या सगळ्यात धाकटी बहीण लिली. बसमध्ये बसून जिमी चिटोऱ्यांवर बारीक अक्षरांत शब्द जुळवतो. खिडकीबाहेर ओसाड, पडकी घरे सरकत असतात. मला तरी हीच दृश्ये चित्रपटात सर्वात खरी वाटली.

आता 'बॅटल' म्हणजे काय ते पाहू. हिप-हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका मेजवानीत झाला असे मानतात. डीजे कूल हर्क याने तबकडीतला नुसता तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवला, आणि त्या तालावर बोलणारे पुढे आले. बॅटलमध्ये दोघे समोरासमोर उभे राहतात, प्रत्येकाला ठरावीक वेळ, चित्रपटात सुरुवातीला ४५ सेकंद. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याची यमकात खिल्ली उडवायची. निवाडा प्रेक्षकांचा आरडाओरडा करतो. कृष्णवर्णीयांत एकमेकांना शाब्दिक टोमणे मारण्याचा जुना खेळ आहे, त्याचेच हे पुढचे रूप. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब आणि कव्वालीचे सामने ज्यांनी रात्र रात्र जागून ऐकले, त्यांना यातली गंमत चटकन कळेल. फरक इतकाच की इथे देवाधर्माचा सवाल नसतो, समोरच्याची इज्जत पणाला असते.

पहिल्याच प्रसंगात जिमी मंचावर जातो आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. लोक हुर्यो उडवतात. तो गोरा आहे आणि हा मंच कृष्णवर्णीयांचा आहे. प्रतिस्पर्धी त्याला रस्त्यापलीकडे परत जा म्हणून हिणवतात.

शेवटच्या सामन्यात समोर असतो पापा डॉक. जिमीला आधी बोलावे लागते, आणि तो एक अजब डाव टाकतो. प्रतिस्पर्धी जे जे बोलणार ते सगळे तो स्वतःच बोलून टाकतो : मी गोरा दरिद्री, आईच्या ट्रेलरमध्ये राहतो, माझ्या मित्राने स्वतःच्याच पायात गोळी मारून घेतली, मी मार खाल्ला. मग डॉकचे गुपित फोडतो. त्याचे खरे नाव क्लॅरेन्स, तो महागड्या खाजगी शाळेत शिकला, आईबाप सुखाने नांदतात. डॉककडे बोलायला काही उरत नाही.

लाज वाटावी असे जे जे आहे ते आपणच उघड केले की दुसऱ्याच्या हातातले हत्यार जाते, हा डाव फार सुंदर आहे. पण इथेच मी अडखळलो. एका कृष्णवर्णीय मुलाने चांगल्या शाळेत शिक्षण घेतले, हे त्याला हरवण्याचे कारण कसे होते? गल्लीतला गुंड असल्याचा आव डॉक आणतो, ते ढोंग फोडले हे ठीक. पण प्रेक्षक हसतात ते ढोंगाला की शाळेला, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. ज्या समाजात पहिला पदवीधर होण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या, त्यातल्या प्रेक्षकाला ते हसू टोचते. शिवाय कृष्णवर्णीयांच्या कलेची गोष्ट मोठ्या पडद्यावर एवढ्या दिमाखात आली ती गोऱ्या नायकाच्या तोंडून, हा आक्षेपही काही अगदी खोटा नाही. त्याला एक उत्तर आहे. एमिनेम याच भागात, याच गरिबीत वाढला आणि डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय मित्रांच्या मैफलीतच घडला. जेवणाच्या सुट्टीत एका समलिंगी सहकाऱ्याची टर उडवणाऱ्याला जिमी रॅपनेच गप्प करतो, तो प्रसंगही लक्षात राहतो.

चित्रपट प्रचंड चालला. त्यातल्या 'लूज युअरसेल्फ' या गीताला २००३ साली ऑस्कर मिळाले. रॅप गीताला मिळालेले ते पहिलेच. एमिनेम समारंभाला गेलाच नव्हता, सहसंगीतकार लुईस रेस्टो याने ते स्वीकारले.

पडद्यावरच्या जिमीला मात्र यातले काही मिळत नाही. जिंकल्यावर मित्र त्याला थांबायचा आग्रह करतात. त्याची पाळी संपलेली नसते. सहकाऱ्याने काही तास सांभाळून घेतले म्हणून तो येऊ शकला होता. तो हात हलवतो आणि रात्रीच्या गल्लीतून एकटाच कारखान्याकडे चालू लागतो.