डबी नाही, तरी शोधा! भोसले घाटावरचा खजिन्याचा खेळ

2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर यंत्र दाखवायचं एक जागा आणि माणूस उभा असायचा शंभर मीटर पलीकडे. लगेच 3 मेला ऑरेगनमधल्या डेव्ह अल्मर यांनी रानात एक काळी बादली अर्धवट पुरली, आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, बेचकी असं सटरफटर भरलं आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. ज्याला हवं त्याने शोधावं! जिओकॅशिंग सुरू झालं ते असं.

नियम सोपे. डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं, काही उचललं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवायचं. खेळ ठाऊक नसलेल्या बघ्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात, थेट हॅरी पॉटरमधून उचललेलं नाव. 2008 मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी असा एक ‘कॅश’, म्हणजे लपवलेला खजिना, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही नेऊन ठेवला. तरी या मंडळींचा खरा जीव रानवाटांवर: पायऱ्या चढा, धबधबा ओलांडा, दगडाआड हात घाला.

आता हा खेळ काशीच्या भोसले घाटावर मांडून बघा. डबी ठेवलीत तर दोनच गोष्टी होतील. एक तर कुणीतरी बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना बोलावेल, नाहीतर संध्याकाळपर्यंत तिच्यावर झेंडूची फुलं आणि दहाची नोट पडलेली असेल. शिवाय इथे मगल कोण आणि खेळाडू कोण, हे ठरवणार कोण? तेव्हा डबी नकोच. खेळातही बिनडबीचे प्रकार आहेत: जागी जा, खूण ओळखा, प्रश्नाचं उत्तर द्या. ‘अर्थकॅश’ नावाच्या प्रकारात तर प्रश्न खडकावर, मातीवर असतो.

सुरुवातीचा बिंदू: उत्तर अक्षांश 25.3, पूर्व रेखांश 83.0. इतक्या ढोबळ आकड्याने शहर सापडेल, घाट नाही. घाट गाठायचा तर मणिकर्णिकेपासून नदीकाठाने उत्तरेकडे चालत सुटा. गंगा इथे उलटी, म्हणजे उत्तरेकडे वाहते, तेव्हा तिच्याबरोबरच चालायचं. शिंदे घाट, संकटा घाट, गंगामहाल घाट आणि मग भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी तो 18व्या शतकाच्या अखेरीला बांधला. पक्क्या पायऱ्या आणि लक्ष्मीनारायणाचं मंदिर 1795 च्या सुमाराचं. पायऱ्यांवर उभं राहून मान वर करा. दगडी भिंत खालून जवळजवळ सपाट, आडदांड, आणि अगदी वरच्या अंगाला छोट्या नक्षीदार खिडक्या. खाली खिडक्या नाहीत यात वास्तुकलेपेक्षा शहाणपण जास्त आहे. पावसाळ्यात गंगा कुठवर येते, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

गंगा येते तरी किती? वाराणसीतली धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे आणि 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरला टेकलं होतं. हा विक्रम अजून मोडलेला नाही. अशा पुरात घाट दिसतच नाहीत. गंगा आरती गच्चीवर चढते आणि मणिकर्णिकेच्या चिताही. म्हणून ‘भोसले घाटाला पायऱ्या किती’ या प्रश्नाचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. मे महिन्यात मोजा, नोव्हेंबरात पुन्हा मोजा. कोडं म्हणून याहून चांगला प्रश्न नाही, कारण इंटरनेटवरून उत्तर चोरता येत नाही.

आणि धबधबा? तोही आहे, पण गढूळ. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर साचतो. मग नदीचंच पाणी पंपाने वर खेचून जाड नळ्यांनी फवारतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर चॉकलेटी पाण्याचे लोट कोसळत जातात, गाळ पुन्हा गंगेत. देवदिवाळीच्या आधी हा उद्योग घाटाघाटांवर चालतो. फोटो काढायचा असेल तर चपला हातात घ्या. ओल्या गाळावर भले भले आडवे होतात.

खऱ्या खेळाडूने इथे एक गोष्ट मान्य करावी: काशीने हा खेळ काही शतकं आधीच मांडून ठेवलाय. शहरात 56 विनायक आहेत. आठ दिशांना आठ, अशी सात वर्तुळं. बाहेरच्या वर्तुळापासून आत आत यायचं. सूर्याची 12 स्थानं वेगळी, आणि त्यांतला यमादित्य भोसले घाटाच्या अगदी पायाशी, यमेश्वराच्या जोडीला. कुठला विनायक एखाद्या घराच्या भिंतीत, कुठला साडीच्या दुकानामागे. नकाशापेक्षा पानवाल्याला विचारणं बरं. पंचक्रोशी यात्रा हा याचा लांब पल्ल्याचा अवतार: साधारण 80 किलोमीटर, 108 देवस्थानं, कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम. सुरुवात आणि शेवट मणिकर्णिकेवर. हे सगळं करून आलात याचा पुरावा काय? त्यासाठी विश्वनाथाच्या गल्लीत साक्षी विनायक बसलेले आहेत. यात्रा संपली की त्यांच्यापुढे हजेरी लावायची. जिओकॅशिंगच्या वहीत नाव लिहिणाऱ्यांनी हे ऐकून थोडं तरी लाजावं.

आता मराठी खुणा. भोसले घाटाच्या दोन्ही बाजूंना त्या इतक्या दाट आहेत की काठावरून चालणारा पुण्या-नागपुरातल्या भांडणांची उजळणी करूनच परततो. दक्षिणेला शिंदे घाट. बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमाराला बांधलेलं काम स्वतःच्याच वजनाने खचलं. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं मंदिर नऊएक अंशांनी कललेलं आहे, पिसाच्या मनोऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त. व्हॉट्सॲपवर त्याची उंची 74 मीटर फिरते. प्रत्यक्षात ते 13 मीटरच्या आसपास आहे. 1820 ते 1830 या काळात इथल्या टांकसाळीत असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी त्याचं चित्र काढलं आणि नोंदवून ठेवलं की दार पाण्याखाली गेलं की पुजारी बुडी मारून पूजा करतात. प्रिन्सेप हे तेच, पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे.

उत्तरेला गणेश घाट. पेशवाईच्या गादीवरून हात काढून घेतलेले रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव इंग्रजांकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन उत्तरेत आले आणि 1807 मध्ये इथे गणपतीचं मंदिर उभं केलं. राज्य गेलं, गणपती राहिला. अमृतरावांना सौदा परवडला असावा. पुढे बालाजी घाट, जिथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं शहनाईचा रियाज करायचे. त्याच्या पलीकडे पंचगंगा. पाच नद्यांचा संगम म्हणतात, पण डोळ्यांना दिसते एकटी गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मानायच्या. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाणारी दगडी दीपमाळ इथेच आहे, देवदिवाळीला ती अंगभर पेटते. आजचं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. आणि संत एकनाथांनी एकनाथी भागवत काशीतच पूर्ण केलं, 1573 मध्ये. पैठणचा माणूस, मराठी ग्रंथ, काशीच्या पंडितांचं अंगण: तो सामना झाला तेव्हा मजा आली असणार.

अर्थकॅशचा प्रश्न शिल्लक आहे. भोसले घाटाची पायरी कुठल्या दगडाची? चुनारचा वालुकाश्म. होडीतून गंगेने आणलेला, फिकट पिवळसर, बारीक कणांचा. हात फिरवला की खरखरतो. अशोकाचे स्तंभही याच दगडाचे. या विंध्य पठाराच्या कड्यावरूनच खरे धबधबे कोसळतात: चंदौली जिल्ह्यातले राजदरी आणि देवदरी, वाराणसीहून साधारण 65-70 किलोमीटर. म्हणजे ज्या खडकावरून तिथे पाणी पडतं, त्याच कुळातल्या खडकावर इथे आपण बसून चहा पितो. राजदरी-देवदरी चंद्रप्रभा अभयारण्यात आहेत आणि या जंगलाची गंमत अशी की 1957 मध्ये इथे गीरचे तीन सिंह आणून सोडले होते. 1965 पर्यंत ते अकरा झाले, आणि मग एकाएकी सगळे दिसेनासे झाले. आज तिथे सिंह शोधायला जाऊ नका, जीपीएस कितीही अचूक असलं तरी.

घाट आणि धबधबे दोन्ही एका फेरीत जमवायचे तर अडचण वेळेची आहे. धबधबे फुगतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा घाट बुडालेले असतात. मे महिन्यात पायऱ्या सगळ्या उघड्या, पण राजदरीला पाणी नावापुरतं आणि काशीत ऊन चाळिशीच्या वर. तेव्हा दसऱ्यानंतर जा: पाणी बऱ्यापैकी असतं, घाट बाहेर आलेले असतात, गाळ धुणं चालू असतं. पहाटे निघा, कारण घाट पूर्वेला तोंड करून आहेत आणि सूर्य उगवला की ऊन थेट डोळ्यांत येतं. मणिकर्णिकेवरून जाताना मोबाइल खिशात ठेवा. तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.